घडीची शिडी

"झोपाळा काढावा लागेल, मामी."

आवाज वरून आला. बालाजी सुताराचं अर्धं अंग छताजवळच्या जुन्या झडपेतून माळ्यावर गेलेलं होतं आणि बांबूच्या शिडीवर त्याचे पाय तेवढे दिसत होते. गोदाबाई खाली त्याच्यासाठी कॉफी घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच थांबल्या.

"दुसरीकडे कुठंच नाही बसणार?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"बाकीच्या तुळया फार जवळजवळ आहेत, मामी. नव्या शिडीच्या चौकटीला रुंद जागा लागते. ती या दोन तुळयांमध्येच आहे, जिथं झोपाळ्याचे हूक ठोकलेत. आणि शिडी उघडली की खाली टेकणार कुठं? झोपाळ्याच्या डोक्यावरच."

गोदाबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर ओट्यावर त्यांचे यजमान, शेषाद्री राव, काठी मांडीवर आडवी घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसले होते. ऐकू गेलं असणारच. पण त्यांनी मान वळवली नाही.

शिडीचा तो लांबलचक खोका कोइम्बतूरहून आला होता. मुलीनं, मधुमितानं, पाठवला होता. आल्यापासून गोदाबाईंचं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. येता-जाता त्या खोक्याला हात लावत. काल संध्याकाळी राहवेना, तेव्हा स्वतःच कात्रीनं पट्ट्या कापल्या. आत पांढऱ्या लाकडाच्या, एकमेकींवर घडी घातलेल्या पायऱ्या, बाजूला जाड स्प्रिंगा आणि हाताला धरायला लोखंडी कठडा. नव्या लाकडाचा वास साऱ्या घरात पसरला. शेजारच्या अलमेलु मामी वासावरच आल्या. "हे काय गं, छतातून जिना येणार?" म्हणाल्या आणि गल्लीत सगळ्यांना सांगून आल्या.

कुंभकोणमच्या त्या गल्लीतल्या सगळ्याच कौलारू घरांना असे माळे होते. यांच्या घरच्या तंजावरी मराठीत त्याला तमिळसारखंच 'परण' म्हणत. गोदाबाई लग्न होऊन या घरात आल्या, सासूबाईंच्या हाताखाली वावरल्या, मुलीला वाढवलं, नोकरी केली, निवृत्त झाल्या, पण आपल्या डोक्यावरचं परण त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. तिथं बाईमाणूस चढत नसे. वर धड जमीनच नव्हती. नुसत्या लाकडी कड्या, म्हणजे आडव्या तुळया, आणि त्यांच्या खालच्या अंगाला ठोकलेल्या पातळ फळ्या. कडीवरचा पाय फळीवर पडला तर माणूस छत फोडून सरळ खाली. शेषाद्री राव मात्र काळोखातसुद्धा कडीवरून कडीवर मांजरासारखे चालत. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात बियाण्यांच्या गोदामावर नोकरीला होते, थप्प्यांवर चढायची सवय. उंच, सडपातळ माणूस. नवरात्र आलं की आधी आपल्या परणावरच्या आणि मग गल्लीभरच्या परणांवरच्या, घरोघरी पायऱ्यांवर मांडायच्या कोलूच्या बाहुल्या तेच उतरवून देत. बायका खालून सांगत, "मामा, निळी ट्रंक!" आणि मामा वरून ओरडत, "कोठें? इथं चार निळ्या आहेत!"

गोदाबाईंना परण माहीत होतं ते असं, वरून येणाऱ्या आवाजातून.

मग एकदा त्याच बांबूच्या शिडीवरून ते पडले. कमरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण काठी आली, आणि मान वर केली की चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी शिडीचं नावसुद्धा काढू नका म्हणून बजावलं. तेव्हापासून नवरात्रात घरात कोलू मांडला गेला नाही. दुसऱ्या कुणाला परणावर चढवायचं म्हटलं की राव चिडत. "माझं परण आहे. तेथें कोणाला धाडायचं नाही." गोदाबाईंनी दोन नवरात्रं पाटावर एक कलश मांडून साजरी केली. तक्रार केली नाही. पण गेल्या महिन्यात मधुमिता फोनवर म्हणाली, "आई, यंदा माझ्या पिल्लूला कोलू दाखवायला आणते," आणि गोदाबाई एकदम रडू लागल्या. त्याच आठवड्यात लेकीनं शिडी मागवली.

"असू दे," गोदाबाई आता बालाजीला म्हणाल्या. "झोपाळा काढायचा नाही. त्यांची बसायची जागा आहे ती. शिडी परत पाठवू."

बालाजीनं खाली उतरून कॉफी घेतली. गोदाबाई खोक्याशी गेल्या आणि कापलेला पुठ्ठा पुन्हा जुळवू लागल्या. तो काही जुळेना.

काठीचा आवाज आत आला.

"काय करूलालीस?" राव उंबऱ्यात उभे होते.

"काही नाही. आवरतेंय."

"शिडी परत धाडूलालीस?"

"मग काय करूं? झोपाळा काढूं?"

राव झोपाळ्यापाशी आले. त्याच्या पितळी साखळ्या वर्षानुवर्षं हात लागून लागून सोन्यासारख्या झाल्या होत्या. संध्याकाळी आडुतुरैहून आले की ते त्याच्यावर बसत. गोदाबाई सुंदरपेरुमाळ कोयिलच्या शाळेत मुलांच्या मध्यान्ह भोजनाचं काम पाहत. सकाळी दोघं एकाच स्टेशनावर जात आणि हे पूर्वेच्या, त्या पश्चिमेच्या गाडीत चढत. दिवसभर तोंडं दोन दिशांना. संध्याकाळी मात्र झोपाळ्याच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला त्या, मध्ये मुरमुऱ्यांचं ताट.

"गोदा," ते म्हणाले, "झोपाळ्यावर बसायला एकट्याला मला कंटाळा येतो. तू तर खुर्चीवर बसतेस आताशा, गुडघे दुखतात म्हणून. मग मीही खुर्चीवर बसतों."

"तुम्ही काल तर म्हणत होतां, बाईमाणसाचं परणावर काय काम."

"काल म्हणालों." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "बालाजी, फळी धर. साखळी मी काढतो."

"सार, मी काढतो ना."

"धर म्हणतो."

हात उंच न करता, मान वर न करता, फक्त चाचपून त्यांनी फळीची एकेक आकडी सोडवली. फळी खाली आली तेव्हा हातांना लागलेली काळी घाण त्यांनी धोतराला पुसली आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

मग मात्र कामाला वेग आला. बालाजीनं वरच्या साखळ्या आणि हूक काढले, छतावर पेन्सिलीनं चौकोन आखला आणि करवत घातली. भुसा गोदाबाईंच्या केसांवर, खांद्यांवर पडू लागला तरी त्या बाजूला होईनात.

"मामी, डोळ्यांत जाईल!"

"जाऊ दे रे. किती राहिलं?"

चौकोन सुटला. छतात काळं भोक पडलं आणि त्यातून जुन्या चिंचेचा, धुळीचा, उन्हानं तापलेल्या कौलांचा वास खाली आला. गोदाबाई लहान मुलीसारख्या हसल्या. चौकट बसली, स्प्रिंगा ताणल्या, झाकण छताशी सपाट लागलं. मग बालाजीनं वर जाऊन कड्यांवर जाड प्लायवुडच्या फळ्या पसरून स्क्रू मारायला सुरुवात केली. खाली हॉलमध्ये त्याच्या पावलांचा आवाज येऊ लागला, ठाम, सलग, जमिनीवर चालणाऱ्या माणसाचा. रावांच्या चालण्याचा असा आवाज कधी आला नव्हता. ते चालत तेव्हा मध्येच शांतता असे, आणि त्या शांततेत गोदाबाई खाली श्वास धरून उभ्या असत.

दुपार टळता टळता काम संपलं. बालाजीनं टोकाला आकडा असलेली लांब काठी गोदाबाईंच्या हातात दिली. "ओढा, मामी. घाबरू नका, हळूच येते."

त्यांनी झाकणाच्या कडीत आकडा अडकवला आणि ओढला. झाकण खाली झुकलं. त्यामागून पायऱ्यांची घडी उलगडत उलगडत आली आणि त्यांच्या पायांशी येऊन टेकली. दारात उभ्या असलेल्या अलमेलु मामींनी टाळ्या वाजवल्या.

"चढतेंय मी!" गोदाबाई ओट्याकडे बघून ओरडल्या. "ऐकलं का? चढतेंय!"

राव आत आले. शिडीशी उभे राहिले आणि एक हात तिच्या बाजूच्या पट्टीवर ठेवला. बालाजीनं ठोकलेली ती शिडी हत्तीनंही हलली नसती. तरी त्यांनी धरून ठेवली.

गोदाबाईंनी पदर खोचला, कठडा धरला. प्रत्येक पायरीला गुडघा कुरकुरला, पण पाय थांबले नाहीत. डोकं चौकटीतून वर निघालं, मग खांदे, आणि मग त्या चक्क दोन्ही पायांवर आपल्या घराच्या माथ्यावर उभ्या राहिल्या.

"अय्यो!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मध्ये कौलांच्या आढ्याखाली नीट उभं राहता येत होतं. एका बाजूला ट्रंका होत्या. निळ्या खरोखरच चार. सासूबाईंची पितळी पातेली, चिंचेचं मोठं मडकं, मधुमिताची तीनचाकी सायकल. त्यांनी पहिली ट्रंक उघडली. जुन्या धोतरांच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या बाहुल्या होत्या. त्यांनी एक सोडवली, मान डोलावणारी तंजावरची बाई निघाली. टिचकी मारली. मान डोलली. "आहे! धड आहे!" त्या खाली ओरडल्या. "शेटजीसुद्धा आहे! त्याचं नाक तेवढं गेलंय!"

"नाक आधीपासून नाही," खालून उत्तर आलं. "पिल्लूच्या आईनं खाल्लं होतं."

मग त्या पुढे सरकल्या, गल्लीच्या बाजूच्या भिंतीकडे. तिथं लाकडी पट्ट्यांची एक छोटी खिडकी होती. बाहेरून वारा यायला असावी असं त्यांना नेहमी वाटे. खिडकीखाली, नव्या फळ्यांच्या कडेला, एक चटई गुंडाळून ठेवलेली होती. शेजारी ताडाचा पंखा, पाणी आटून गेलेली एक चपटी बाटली, आणि एक पितळी पानाचा डबा. त्यांनी तो लगेच ओळखला. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली तेव्हा "डबा गाडीत विसरला" म्हणून रावांनी शपथेवर सांगितलं होतं. त्यांनी झाकण उघडलं. आत वाळून कागदासारखं झालेलं कुंभकोणमचं विड्याचं पान, आणि तंबाखूची पुडी.

त्या मोठ्यानं हसल्या. तर म्हणून कुणाला वर चढू द्यायचं नव्हतं! रविवारी "ट्रंकांना वाळवी लागली का बघतों" म्हणून हा माणूस तासन् तास वर असायचा तो असा!

"काय झालं?" खालून आवाज आला, जरा घाईचा.

गोदाबाईंनी डब्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात सहज म्हणून त्या चटईवर टेकल्या, आणि त्यांचा चेहरा नेमका खिडकीसमोर आला.

पट्ट्यांच्या फटीतून पलीकडची कौलं दिसत होती, त्यामागे देवळाचं गोपूर, आणि खाली त्यांची गल्ली, थेट कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत. स्टेशनकडून येणारा माणूस तिथंच वळतो. राव त्यांच्या आधी निवृत्त झाले होते. नंतरची बरीच वर्षं गोदाबाई एकट्याच सुंदरपेरुमाळ कोयिलला जात-येत होत्या. गाडी कधी वेळेवर असे, कधी उशिरा. पण त्या दारात पाऊल टाकत तेव्हा कॉफी पेल्यात ओतलेली, फेसासकट, गरम असे. "तुम्हाला कसं कळतं?" त्यांनी एकदा विचारलं होतं. "वास येतो तुझ्या सांबाराचा, शाळेतल्या," असं ते म्हणाले होते, आणि त्यांना ते खरं वाटलं होतं.

गोदाबाई कोपऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो होता तिथं, चटईच्या कडेला, परत ठेवून दिला.

"गोदा? काय झालं गं?"

"काही नाही. एक खिडकी आहे इथं."



त्या उठून चौकटीशी आल्या आणि खाली वाकून पाहिलं. बालाजी हत्यारं आवरून गेला होता. अलमेलु मामी गल्लीला बातमी सांगायला पळाल्या होत्या. राव एकटेच होते, शिडीची पट्टी धरून, मान खाली घालून. वर पाहिलं तर चक्कर येते म्हणून ते जमिनीकडे बघूनच बोलत होते.

"असं? खिडकी आहे?" ते म्हणाले. "काय दिसतं त्यातून?"

गोदाबाई पुन्हा खिडकीशी गेल्या. बसल्या. आवाज खाली पोचावा म्हणून जरा मोठ्यानं सांगू लागल्या.

"गोपूर दिसतं. अस्कं दिसतं, पार कळसापर्यंत! वर कबुतरं बसलीत."

"हं. आणखी?"

"शंकरनारायण मामांच्या गच्चीवर तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत घातलेत. आणि कोपऱ्यावर फुलवाला आहे. मोगरा घेऊन आत्ता आला."

"आत्ता आला? आज उशीर केला त्यानं."

"हो. सायकल लावूलालाय."

"आणखी?" राव म्हणाले. "सावकाश सांग. आणखी काय दिसतं?"