परक्यांच्या कडेवर

देल्मीने यारेलीच्या तळव्याला अंगठा लावून हलकेच दाबलं. पलीकडून रेटा आला नाही. तिने दुसरा पाय हातात घेतला. तोही पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा तिच्या ओंजळीत पडून राहिला. यारेली मात्र आईच्या तोंडाकडे बघून हसत होती. देल्मीने भरतकामाचा पांढरा झगा तिच्या डोक्यातून घातला आणि घोट्यांच्या खालपर्यंत ओढला. शिवतानाच तिने तो लांब ठेवला होता.

अंगणात गाडीचं दार सरकलं. समुद्राकाठी शेवाळ सडायला लागलं की हॉटेलवाले आपल्या पाहुण्यांना आत जंगलात पाठवत. आधी जमिनीतल्या कुंडात पोहायचं, मग झाडांच्या शेंड्यांवरून तारेला लटकत जायचं आणि शेवटी भुकेल्या पोटी, ओल्या केसांनी या अंगणात यायचं. चुलीवरच्या मक्याच्या भाकऱ्या, मधमाश्यांची पोकळ लाकडं, आणि मग बाळ. हा क्रम वाटाड्या लिसांद्रोने बसवला होता. बाहेर तो पाहुण्यांना त्याचा नेहमीचा विनोद सांगत होता, की या घरात पुरुषाला बोलायची पाळी मधमाश्यांच्या नंतर येते. माणसं हसली. त्याने दारातून डोकं आत घातलं.

"मास्तरीणबाई, आटपा. भाकऱ्या संपत आल्या."

देल्मी वायादोलिद शहरात मास्तरकी शिकत होती. यारेली पोटात आल्यावर ते अर्धवट राहिलं. लिसांद्रो तो धागा काही सोडत नव्हता. पाहुण्यांसमोर मात्र तिने इंग्रजीचा एक शब्द कळल्याचं दाखवायचं नाही, असं त्यानेच बजावलं होतं. ही माणसं जुनं घर बघायला येतात, तो म्हणायचा, जुन्या घराने त्यांच्याच भाषेत उलट उत्तर दिलं तर त्यांची मजा जाते.

अंगणातल्या टेबलावर तिच्या सासूने, लीबोरियाने, सगळं मांडून ठेवलं होतं. पेन्सिल, वही, सुईदोरा, उकडलेलं अंडं, भोपळ्याच्या भाजलेल्या बिया. मुलगी तीन महिन्यांची झाली की धर्माची आई तिला पहिल्यांदा कडेवर घेते, दोन्ही पाय फाकवून. टेबलाभोवती फेऱ्या घालते, एकेक वस्तू तिच्या मुठीत देते. याला हेट्स्मेक म्हणतात. त्याने पाय मोकळे होतात, बुद्धी मोकळी होते, आणि जिच्या कडेवर मूल बसतं तिच्यातलं काही मुलात उतरतं. म्हणून लोक धर्माची आई महिनोन्‌महिने शोधतात. हे जन्मात एकदाच होतं.

देल्मीने आपल्या एका शिक्षिकेला विचारून ठेवलं होतं. वर्गात कुणी मंत्री आला तरी खुर्चीतून न उठणारी बाई. तिने आनंदाने होकारही दिला होता. पण नेमकं तेव्हाच लिसांद्रो पाहुण्यांना दाखवायचा ते आधीचं बाळ चालायला लागलं, टेबलाखाली पळू लागलं, आणि लीबोरिया लिसांद्रोला म्हणाली की आमची यारेली आहे की. देल्मीने नवऱ्याला, रेमिहिओला, फोन लावला. तो समुद्राकाठच्या हॉटेलात भांडी घासत होता. मागे नळ चालू होता. आई म्हणते तसं कर, तो म्हणाला. यारेलीला पहिल्यांदा कडेवर घेणारी बाई गॉगल डोक्यावर चढवून आली होती आणि सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत खिदळत होती. तिच्यानंतर किती आल्या, हे देल्मीने मोजायचं सोडून दिलं. शिक्षिकेला तिने काहीच कळवलं नाही. सासूशी ती तेव्हापासून कामापुरतं बोलायची.

गावातल्या दवाखान्यातला शिकाऊ डॉक्टर म्हणाला होता, काही मुलं पायात उशिरा जोर धरतात, वर्षाची होऊ दे. तो बोलताना यारेलीकडे न बघता खिडकीकडे बघत होता, एवढंच देल्मीच्या लक्षात राहिलं होतं.

आज लीबोरियाने पाहुण्यांवरून एकदा नजर फिरवली आणि एका उंच, पांढऱ्या आखूड केसांच्या बाईकडे बोट केलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई लाजत पुढे आली. तिने यारेलीला घेतलं ते सरावाच्या हातांनी, मानेखाली तळवा देऊन. मग कडेवर बसवलं. पहिली फेरी झाली. लीबोरियाने पेन्सिल पुढे केली, यारेलीने ती पकडली, फोन वर झाले.

दुसऱ्या फेरीत बाई थांबली. तिचं हसू तसंच होतं, पण कडेवरच्या मुलीच्या मांडीखालचा तिचा हात हलत होता. अंगठा गुडघ्याच्या खळगीत गेला, तिथे दाबला, सोडला. मग तिने झगा जरासा वर केला. देल्मी एक पाऊल पुढे सरकली.

बाई लिसांद्रोकडे वळून हळू आवाजात, इंग्रजीत म्हणाली, "ही पाय उचलत नाही. अजिबात नाही. मी लहान मुलांच्या इस्पितळात काम करते. हिच्या आईला सांगा, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. थांबू नका म्हणावं."

लिसांद्रोने फोन धरलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं. मग देल्मीकडे. चेहऱ्याकडे नाही, तिच्या अनवाणी पायांकडे.

"म्हणतात, इतकं शांत बाळ कधी पाहिलं नाही."

तिला कळलंय हे त्याला कळत होतं. कानामागून घामाचा ओघळ त्याच्या कॉलरमध्ये गेला, तरी त्याने तो पुसला नाही. देल्मीच्या तोंडात वाक्य तयार झालं होतं, बाईच्याच भाषेत, चूक नसलेलं. काय असेल हे? कशाने होतं? बरं होतं का? शेवटच्या प्रश्नापाशी ती अडली. विचारलं तर ही बाई खोटं बोलणार नाही, हे तिच्या हातांवरूनच दिसत होतं.

"त्यांना सांग," देल्मी आपल्या बोलीत म्हणाली, "ती पहिल्यापासून अशीच आहे."

लिसांद्रोने त्याचं बरंच लांबलचक काहीतरी केलं. पाहुणे हसले. बाई हसली नाही. उरलेली फेरी ती काठोकाठ भरलेलं भांडं नेल्यासारखी चालली. अंड्याचा कण तिने यारेलीच्या जिभेवर ठेवला. मुलगी परत देताना तिने देल्मीचं मनगट धरलं आणि सोडेना. देल्मीने मान खाली घालून यारेलीच्या हनुवटीवरचं अंडं पुसलं. पुसण्यासारखं फारसं नव्हतं, तरी पुसत राहिली. मग गाडीचा हॉर्न वाजला.

धूळ खाली बसल्यावर ती टेबलापाशी आली.

"आता पुरे, आई. उद्यापासून दुसऱ्या कुणाचं मूल बघा."

लीबोरिया सांडलेल्या बिया वाटीत भरत होती.

"काय म्हणाली ती?"

"शांत आहे म्हणाली."

"लिसांद्रोचं नको सांगू. तिचं सांग."

देल्मीने सांगितलं. आपल्या भाषेत ते फारच थोडक्यात झालं. लीबोरियाने वाटी खाली ठेवली आणि झाडाखालच्या ओंडक्यावर बसली. बराच वेळ ती पदरासारख्या खांद्यावरून घेतलेल्या शालीचे गोंडे एकमेकांत गुंतवत, सोडवत राहिली.

मग तिने सांगितलं, की रेमिहिओच्या आधी तिला एक मुलगा होता. असाच हसायचा. त्याला कडेवर घ्यायला तिने आपली थोरली बहीण बोलावली होती, दिवसभर शेतात वाकून संध्याकाळी नाचायला जाणारी. सगळं रीतीने केलं होतं, सगळ्या फेऱ्या, उलट्या दिशेच्यासुद्धा. तरी तो बसला नाही. मेरीदाच्या मोठ्या इस्पितळात नेला. बाकावर बसून बसून कंबर मोडली. शेवटी एका डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं.

"नाव होतं त्यांच्याकडे. दुसरं काही नव्हतं. आणि ते नावही मला घरी येईपर्यंत लक्षात ठेवता आलं नाही."

यारेली झोळीत कुरकुरली. देल्मी झोका द्यायला उठली नाही.

"हिला तेल लावताना माझ्या हाताला कळलं," लीबोरिया म्हणाली. "तुझ्या मास्तरणीचा होकार आला होता तेव्हाच. तुला कसं सांगू? म्हटलं, रीतीने एकदा केलं तर एकीचंच बळ मिळेल. माझ्या बहिणीचं कुठे पुरलं होतं? आणि ही माणसं बघ. दिवसभर पोहतात, तारेला लटकतात, तरी इथे येऊन उभी राहतात ती खांबासारखी. इतक्या जणींत एकीचं तरी लागेल."

"मला वाटायचं, तुम्ही टोपलीत जास्त पैसे टाकणारी बाई निवडता."

"तसं वाटू दिलं." तिने नाक शालीला पुसलं. "आजची चांगली होती. पोटऱ्या बघितल्यास तिच्या?"

देल्मीला हसू येईल असं वाटलं, पण घशातून आलेला आवाज हसण्याचा नव्हता. सासूने तिच्याकडे बघितलं नाही, म्हणून तिला तो पुरता काढता आला.

"सोमवारी मी मेरीदाला नेते हिला," ती नंतर म्हणाली.

"ने. मी येते बरोबर. भाकऱ्या बांधून घेऊ, तिथे बसायला लागतं."

रस्त्यावर दुसरी गाडी वळली. लिसांद्रो मोटारसायकलवरून गाडीच्या आधीच येऊन पोचला आणि अंगणाच्या कडेलाच थांबला. तुम्ही दमला असाल, तो चुलीकडे बघत म्हणाला, बाळ झोपलंय म्हणून सांगतो, आज नुसता मध दाखवतो. या वेळी त्याने तिला मास्तरीणबाई म्हटलं नाही.

देल्मीने झोळीतून यारेलीला उचललं. झगा वर गेला होता. तो तिने ओढला नाही.

"नको," ती म्हणाली. "येऊ देत त्यांना."

गाडीचं दार सरकलं. एक म्हातारा दांडी धरून उतरला. त्याच्यामागून एक जाड बाई, पायरी चाचपत, कुणाचा तरी हात मागत. मग खांद्याला ओला टॉवेल टाकलेली एक तरुण मुलगी आली. तिने पायरीकडे पाहिलंही नाही, वरूनच उडी मारली आणि धुळीत दोन्ही पायांवर घट्ट उभी राहिली.

लीबोरियाचा हात उठायच्या आधी देल्मीने त्या मुलीकडे बोट केलं.