खरवडीचा इंग्रजी शब्द

पुंडलिकराव मास्तरांना चोरीचा भारी नाद. करायचा नव्हे हो, सांगायचा! आर्वीत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि हुकमी किस्से सगळे चोरीच्या शब्दांचे. ‘लूट’ आणि ‘ठग’ साहेबानं आपल्याकडूनच उचलले. ‘रॉब’ आणि झग्याचा ‘रोब’ एकाच घरचे, कारण जुन्या काळी लुटीत आधी अंगावरचे कपडेच जायचे. हे सांगताना त्यांची कळी खुलायची. निवृत्तीनंतर गावाची इंग्रजी पत्रं तेच लिहून देत, एका चहावर.

त्या दुपारी गोपिका आली. सातवीपर्यंत त्यांच्याच वर्गात होती. आता एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. हातात कागद होता.

“सर, हे वाचून द्या न. चार वाजेपर्यंत सई करून दे म्हणते अध्यक्ष. काय हाये इचारलं तर म्हणते, इंग्रजी हाये, तुले नाई समजत.”

मास्तरांनी चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीला थांबले. पत्र त्यांनीच लिहिलेलं. परवा अध्यक्षांचा माणूस आला होता. एक स्वयंपाकीण अन्न घरी नेते, काढायची आहे, जरा शोभेलसं लिहून द्या, म्हणाला. कोण, काय, खरं का खोटं, मास्तरांनी विचारलंच नाही. उलट ‘थेफ्ट’ फार उघडं दिसतं म्हणून त्यांनी ‘पिल्फरेज’ घातला, आणि त्या शब्दावर खूश होऊन दुसरा चहा प्याले. नावाची जागा कोरी सोडली होती. तिथे आता गोपिकेचं नाव होतं.

“घरी काय नेत होती तू?”

“खरवड. पातेल्याची करपलेली खरवड, माया बकरीले. फेकूनच देत होते, सर. सगळ्यांयले मालूम हाये. काऊन? काय लिव्हलं हाये?”

काहीतरी गुळमुळीत सांगून टाकावं असं मास्तरांच्या मनात आलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“चोरी लिव्हली हाये,” ते म्हणाले. “थोडी थोडी, रोजची. शब्द जुन्या फ्रेंचातला, तिथं लुटीच्या मालाले…” सवयीनं सुरू झालेली जीभ त्यांनी आवरली. “सई केली का तू कबूल केलं. नोकरी गेली.”

“व माय!” गोपिका खाली बसली. “चौदा वर्स पोरींयले गरम जेवू घातलं मी! माई पोरगी दिपाली तिथंच राहून दहावीत शिकते, सर. पोरी तिले चोट्टीची पोरगी म्हणतीन.” पदरानं डोळे पुसून तिनं वर पाहिलं. “जो न पाह्यता, न इचारता दुसऱ्याले चोट्टी लिव्हते, त्याले इंग्रजीत काय म्हणते?”

मास्तरांना लाज वाटली, अगदी आतून वाटली.

“पुंडलिकराव म्हणते, गोपिका. हे मीच लिव्हलं.”

ती उठली. आता जाईल, आणि जायलाच पाहिजे, असं त्यांना वाटलं. तिनं टेबलावरची वही उचलून त्यांच्यापुढे आपटली.

“मंग आता दुसरं लिवा. मराठीत. मले वाचता आलं पायजे.”

त्यांनी लिहिलं. चौकशी न करता आरोप लिहिला, लिहिणारा मी. गोपिका खरवड नेत होती. तिनं ओळीवर बोट ठेवून अक्षर न अक्षर वाचलं आणि ‘खरवड’च्या आधी ‘करपलेली’ घालायला लावलं.

“आता सई करा. तुमची.”

पहिल्या पत्रावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. या कागदावर ते त्यांनी ठसठशीत लिहिलं, चपला पायांत सरकवल्या आणि तिच्या मागोमाग अध्यक्षांकडे निघाले. चार वाजायला वीस मिनिटं होती.