सीटखालचं पावसाचं पाणी

माझ्या सासूबाई हार मानणाऱ्यातल्या नाहीत. वय ऐंशीला टेकलंय, दोन्ही गुडघ्यांत धातू बसवलाय, तरी सासऱ्यांच्या थडग्यापर्यंतचा डोंगर आपण पायी चढू असं त्या परवापरवापर्यंत म्हणत होत्या. म्हणूनच छुसॉकच्या, म्हणजे आमच्या सुगीच्या आणि पितरांच्या सणाच्या, आदल्या दिवशी गॅरेजातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्या जेव्हा म्हणाल्या, "राहू दे गं, मी खालूनच नमस्कार करीन," तेव्हा गाडी दुरुस्त झाल्याशिवाय तिथून हलायचं नाही असं मी ठरवलं.

यंदा खालून नमस्कार करून भागणार नव्हतं. भावकीचं ठरलं होतं, येत्या वसंतात डोंगरावरची सगळी थडगी उकरायची आणि अस्थी शहरातल्या अस्थिगृहात नेऊन ठेवायच्या. वर चढून गवत कापायला आता तरणी माणसं उरली नाहीत, हे खरंच. पण म्हणजे सासऱ्यांना त्यांच्या डोंगरावर भेटायचा हा शेवटचा सण होता, आणि मागचा सण तर हुकलेलाच होता.

तो हुकला माझ्यामुळे, असं आख्ख्या गावाला माहीत होतं. माझा नवरा जहाजावर इंजिनिअर आहे आणि सणावाराला तो हमखास समुद्रात असतो. त्यामुळे वोन्जू शहरातून गाडी घेऊन सासरी यायचं काम माझं. मागच्या छुसॉकला रात्रभर पाऊस पडला होता. रानातला चढ नुसता चिखल. मी चारही चाकांना जोर देणारं फोर-लोचं बटण फिरवलं, तर समोरचा दिवा लुकलुकतच राहिला, मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि आमची जुनी जीपगाडी सासूबाईंसकट अलगद चरात जाऊन बसली. चुलतदिरानं ट्रॅक्टर लावून ओढून काढली. मी म्हटलं, "आई, गाडीतच काहीतरी बिघडलंय." त्यावर सगळ्या भावकीदेखत त्या म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं! अगं, चढावर गाडी घालायला हात लागतो हात."

पुढे वर्षभर फोनवर तो हात निघत राहिला. कोबीची आंबवलेली तिखट किमची बरी झाली नाही असं सांगितलं, तरी "हात लागतो." शहरात चारही चाकांची गरज कुणाला पडते? दिवा विझला, मी विसरले, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की चूक माझीच असावी.

यंदा मी शहाणपण केलं. गावात शिरायच्या आधी पायथ्याच्या चढावर बटण फिरवून पाहिलं. पुन्हा तोच लुकलुकणारा दिवा. तशीच घरून सासूबाईंना घेऊन जोंगसनच्या बसस्टँडमागे मा सांग-हून नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजात आले. त्याचं शटर अर्धं खाली होतं, बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. त्याला आईकडे थेट दक्षिणेच्या टोकाला जायचं होतं आणि रस्ते सणाच्या गर्दीनं तुंबत चालले होते.

"मालक, उद्या डोंगरावर जायचंय हो," मी म्हटलं. "यांना चालवत नाही."

त्यानं सासूबाईंच्या मांडीवरचं गुलाबी कापडात बांधलेलं नैवेद्याचं गाठोडं पाहिलं, एक सुस्कारा टाकला आणि शटर परत वर सरकवलं. मग स्टिअरिंगखाली वायर जोडून हातातल्या यंत्रावर बराच वेळ बोटं चालवली.

"खालची मोटर ठणठणीत आहे, ताई. पण तिला हुकूम देणारं मॉड्यूल मुकं झालंय. मी विचारतोय, ते उत्तरच देत नाही. कधी कुठलं पाणीबिणी गेलंय का आत?"

"असतं कुठे ते?"

"तुमच्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली. कार्पेटच्या आत."

त्यानं नट सोडवले, सीट उचलून बाहेर ठेवली, कार्पेट उलटं केलं. आणि वास आला. आंबट, लसणीचा, इतका ओळखीचा की मला घरी आल्यासारखं वाटलं. मॉड्यूलच्या डबीभोवती लाल तिखटाचे पापुद्रे वाळून बसले होते आणि आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

मला लख्ख आठवलं. दोन हिवाळ्यांमागे सासूबाईंनी माझं न ऐकता किमचीचे डबे गाडीत कोंबले होते. "अजून एक राहतोय, सीटखाली सरकव." घाटात एका डब्याचं झाकण फुगून उडालं. मी वरवर पुसून घेतलं होतं, खालचं कोण बघतंय! ते सगळं पाणी झिरपून इथे येऊन आंबत बसलं होतं.

म्हणजे अंगण खरोखरच वाकडं होतं. आणि ते वाकडं करणारी बाई पाच पावलांवर बसून कागदी कपातून कॉफी पीत होती.

"ताई, हे तर..." मा सांग-हून दबक्या आवाजात म्हणाला.

"काय निघालं रे बाबा?" सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं.

वर्षभराचं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी वळून पाहिलं. त्यांनी केसांना नवं काळं लावलं होतं, उद्यासाठीचे बूट आजच घातले होते आणि गाठोडं दोन्ही हातांनी धरलं होतं. हे कळलं असतं तर लाजेनं त्या पुन्हा या गाडीत बसल्या नसत्या. दुरुस्त झाली असती तरी नसत्या बसल्या, मी ओळखते त्यांना. उद्या त्या पायथ्याशीच उभ्या राहिल्या असत्या.

"पावसाचं पाणी, आई," मी म्हटलं. "दाराचं रबर फाटलंय, तिथून आत गेलं."

मा सांग-हूननं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिखट फडक्यानं पुसलं आणि फडकं घडी करून खिशात घातलं. "हो ना आजी. या गाड्यांना ही खोडच आहे."

"म्हणजे मागल्या वर्षीही हेच झालं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"हेच. कुणीही चालवली असती तरी चढली नसती."

त्या माणसाला आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. पण ते एक वाक्य ऐकून मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. सासूबाईंनी कॉफी संपवली आणि कप चुरगाळला.

नवं मॉड्यूल सणाच्या तोंडावर मिळणं अशक्य होतं. मा सांग-हूननं घाटापलीकडच्या एका भंगारवाल्या मित्राला फोन लावला, त्याला निजेतून उठवलं, शिव्या खाल्ल्या आणि शिव्या दिल्या. मित्रानं अपघातात चेपलेल्या तशाच एका गाडीतून मॉड्यूल काढून बसच्या ड्रायव्हरकडे दिलं. ते मी स्टँडवरून घेऊन आले. बॅटरीची वायर काढ, मॉड्यूल बसव, पिना साफ कर, परत वायर जोड, मग यंत्रावरून त्या मॉड्यूलला ही गाडी आता तुझी हे समजावून सांग, असं त्याचं काम चाललं होतं. मधेच त्याच्या आईचा फोन आला. डॅशबोर्डखाली पाठीवर झोपूनच तो म्हणाला, "निघालोच गं. रस्त्यातच आहे."

मग त्यानं बटण फिरवलं. गाडीच्या पोटात 'खट्' असा दमदार आवाज झाला आणि दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. मी टाळ्याच वाजवल्या.

सासूबाईंनी गाठोडं सोडलं आणि तांदळाच्या उकडलेल्या करंज्या ओंजळभर काढून त्याच्या पुढे धरल्या.

"आई, त्या उद्याच्या नैवेद्याच्या आहेत!"

"ते काय उठून मोजणार आहेत? घे रे बाळा. खा, आणि आईला सांग, निघालो म्हणजे खरंच निघालो."

त्यानं हात पँटला पुसले, दोन्ही हातांत त्या घेतल्या आणि वाकला. मीही वाकले, जरा जास्तच वाकले.

सकाळी पुन्हा रस्ता ओला होता. त्याच चराशी मी बटण फिरवलं, खट् झालं आणि चारही चाकांनी मातीत नखं रोवल्यासारखी गाडी वर निघाली. सासूबाई खिडकीवरची मूठ धरून बसल्या होत्या. रस्ताभर त्यांनी एकदाही "हळू" म्हटलं नाही, याचं मला चढापेक्षा जास्त नवल वाटलं.

भावकी अजून वर आली नव्हती. थडग्यावरचं कापलेलं गवत ओलं होतं. सासूबाईंना गुडघे टेकता येत नाहीत. त्या जमेल तेवढ्या वाकल्या, मग मातीच्या उंचवट्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "नैवेद्याचा सुका मासा गाडीतच राहिला. जा, घेऊन ये," त्या मला म्हणाल्या.

मासा घेऊन परत येत होते तर झाडीपलीकडून आवाज ऐकू आला. सासरे असताना त्या त्यांच्याशी जशा बोलायच्या, तशाच बोलत होत्या, हुकूम दिल्यासारख्या.

"ऐकताय ना? मागल्या वर्षी मी चारचौघांत सुनेला नाही नाही ते बोलले. ती गाडी माझ्या किमचीनं खाल्ली होती. सीट उचलल्याबरोबर वास आला. जन्मभर जिनं स्वतःच्या हातानं घातली, त्या बाईला कळणार नाही? आणि ही पोरगी म्हणते, पावसाचं पाणी. वर्षभर माझं ऐकून घेतलं, आणि बोलायची पाळी आली तेव्हा मलाच पाठीशी घातलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या मुलानं उभ्या जन्मात एवढं एकच शहाणपण केलं, हिला घरात आणलं. भावकी आली की त्यांना मी सांगणार आहे, गाडीच बिघडली होती म्हणून. किमचीचं मात्र मला कळलंय हे हिला सांगू नका. म्हातारीला बनवलं असं वाटू दे तिला. बरं वाटेल."

मला रडू आवरेना. हातातला मासा तसाच घेऊन मी पाय न वाजवता गाडीपर्यंत मागे गेले, डोळे पुसले, दार उघडून धाडकन आपटलं आणि पुन्हा वर निघाले, या वेळी चांगली खोकत.

"एवढा वेळ?" सासूबाई म्हणाल्या. "मासा पकडायला समुद्रावर गेली होतीस की काय?"

"हो. तुमच्या मुलालाही भेटून आले."

त्या हसल्या नाहीत. भाताच्या दारूची बाटली उघडून त्यांनी माझ्या हातात दिली आणि पेला स्वतः दोन्ही हातांत धरला. आमच्याकडे तो पहिला पेला थोरला मुलगा ओततो, तो नसेल तर भावकीतला कुणी पुरुष.

"त्यांची वाट कशाला बघायची?" त्या म्हणाल्या. "यंदा तू ओत."