सांध्यावरचा दोरा

शेवटच्या खोलीबाहेर इतकी गर्दी झाली होती की औषधांची ढकलगाडी वाटेतच अडकली. पेशंट, नातेवाईक, आया, सगळे माना वर करून उभे. तरंगबाबा शिडीवर चढले होते. छताचा एक चौकोन सरकवून दोन्ही हात आत घातलेले, आणि तोंडाने या इमारतीची नस कशी कोंडली आहे, लहरी कशा उलट्या वाहताहेत, याचं निरूपण चाललेलं. मग त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि मंतरलेला लाल दोरा आवळला. त्यासरशी नर्सच्या टेबलावरचा काळाठिक्कर स्क्रीन उजळला आणि खोलीत दाखल असलेल्या आत्याच्या हृदयाची हिरवी रेघ नाचू लागली. सगळ्यांनी हात जोडले. दवाखान्याचे मालक, मोठे डॉक्टर, त्यांनीसुद्धा.

आत्याच्या भाचीने तेवढे जोडले नाहीत. ती याच दवाखान्यात डॉक्टर होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आई गेल्यावर आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलं होतं. आता आत्याच्या हृदयाचे ठोके मधूनच लय सोडत. अशा वेळी नर्सच्या टेबलावर घंटा वाजायला हवी, पण स्क्रीन बंद असला की घंटाही मुकी. आदल्याच दुपारी आत्या घामाघूम होऊन पडली होती. खोलीतलं यंत्र कोकलत होतं, पण बंद दाराबाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. भाची सहज डोकावली म्हणून निभावलं.

हे नेहमीचंच झालं होतं. दोरा चार दिवस टिकायचा, मग पुन्हा अंधार, पुन्हा बाबा. त्या खोलीत वारलेल्या कुणा म्हातारीचा जीव घुटमळतो, असं आया सांगत. वायर तपासून घ्या, म्हणून भाचीने मोठ्या डॉक्टरांच्या विनवण्या केल्या. पण छत उघडायला बाबांची मनाई होती. परक्याची नजर पडली तर म्हणे दोऱ्याचा गुण जातो. आत्याला दुसऱ्या खोलीत हलवावं, तर आत्याच हटून बसली, कारण बाबांनी दोरा तिच्या नावाने बांधला होता. शिकल्यासवरल्या माणसांपुढे डोकं तरी किती फोडावं, असं भाचीला झालं.

दोन-तीन दिवसांत स्क्रीन पुन्हा काळा झाला. बाबांना फोन गेला. ते येईपर्यंत थांबा, असं मोठे डॉक्टर सांगत असतानाच भाचीने शिडी ओढली आणि सगळ्यांदेखत वर चढली.

छतात भूतबीत काही नव्हतं, नुसते सांधे होते. दवाखाना एकेका खोलीने वाढत गेला होता आणि दर वेळी नर्सच्या टेबलापर्यंत सलग नवी वायर टाकायची सोडून जुनीलाच तुकडा जोडला होता. दोन्ही बाजूंनी वायरींची टोकं खुपसायची प्लॅस्टिकची डबी, म्हणजे कनेक्टर. अशा डब्यांची रांगच लागली होती. शेवटच्या डबीतल्या प्लगला अडकवून ठेवणारी खिट्टी मोडलेली. शेजारचा एसीचा पाइप थरथरला की प्लग केसभर मागे सरकायचा. लाल दोरा नेमका त्याच डबीभोवती गुंडाळला होता; तो सैल पडेपर्यंत प्लग जागेवर राहायचा.

भाचीने तो सोडून खाली टाकला आणि सगळ्यांना स्क्रीनकडे बघायला सांगितलं. प्लग दाबला, रेघ आली. ओढला, गेली. पुन्हा दाबला, पुन्हा आली. एवढ्यात बाबा येऊन पोचले. अनर्थ होईल, खाली उतर, असं ते दरडावू लागले.

"अनर्थ त्या दुपारीच होणार होता," भाची म्हणाली. "डोळे मिटून तुम्ही अंगठ्याने हेच दाबत होता ना? मग मोडकी खिट्टी हाताला लागलीच असेल. सांगितली का नाहीत?"

बाबा लहरींवर घसरले. भाचीने प्लग पार बाहेर काढला.

"हा असा हातात धरते. तुम्ही खालून हवे तेवढे मंत्र म्हणा, आणि लावा स्क्रीन."

आज घटका बरी नाही, असं सांगून बाबांनी काढता पाय घेतला. निव्वळ योगायोग असेल, असं मोठे डॉक्टर पुटपुटले. भाचीला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"मी सांगते म्हणूनही मानू नका," प्लग परत बसवून खाली उतरत ती सगळ्यांना म्हणाली. "शिडी इथेच आहे. वर चढा, स्वतःच्या हाताने दाबून बघा. उद्या कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तो उघडून बघायला मागा. ज्याला उघडू द्यायचं नसेल, त्याला बाहेरची वाट दाखवा."

कुणीच पुढे झालं नाही. उघड्या दारातून आत्या मात्र पलंगावर उठून बसलेली दिसत होती.

"डॉक्टर," ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, "त्या दुपारी मी तडफडत होते. मी दोऱ्याच्या भरवशावर होते, तुम्हीही होतात. मग माझ्याकडे बघत कोण होतं?"

मोठे डॉक्टर पुढे झाले आणि शिडी चढू लागले.