गॅलनला सत्तेचाळीस मैल

मी एक बुटकी, हिरवी, दोन सीटांची गाडी बोलतेय. लोक मला स्पोर्ट्स कार म्हणतात आणि लगेच पुढे ‘स्वस्तातली’ असं जोडतात. नसतं जोडलं तरी चाललं असतं. असो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. जहाजातून वेल्सला आले. पहिला मालक कार्डिफचा दातांचा डॉक्टर. रविवारी दुपारी मला बाहेर काढायचा, गल्लीच्या तोंडाशी उगाच इंजिन घुमवायचा, समुद्रापर्यंत जाऊन परत आणून ठेवायचा. गॅलनला एकतीस मैल देत होते मी तेव्हा. कंपनीच्या कागदावर चाळीस लिहिलेत. सरळ चालवलं असतं तर दिलेही असते, पण त्याला वेगाची हौस नव्हती, शेजाऱ्यांनी खिडकीतून बघावं एवढीच हौस होती. मग तीही फिटली. दोन वर्षं गॅरेजमध्ये माझ्या बॉनेटवर नाताळच्या झाडाचं खोकं पडून होतं.

तिथून मला इडवल प्रॉसरने आणलं.

इडवलने एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. टँकरच्या पोटात आडवे पडदे नसतात, धुवायला अडचण होते म्हणून. ब्रेक जोरात मारला की सगळं दूध पुढे धावतं आणि टँकरलाच ढकलतं. त्यामुळे हा माणूस सगळं आयुष्य डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा घाटातून हळू जात आला. निवृत्त झाला तेव्हा ना बायको, ना पोरंबाळं, सहासष्ट वय. एकदा तरी वळणावर गाडी मोकळी सोडायची, एवढ्यासाठी त्याने मला घेतलं.

गावात हसं झालं. पेट्रोल पंपावरचा हेविन म्हणाला, “काय रे इडवल, हिच्यात बसतोस की पायात घालतोस?”

“घालतो,” इडवल म्हणाला. “जरा घट्ट आहे, वापरून सैल होईल.”

आणि वापरलं हो त्याने मला. रोज. डिकीत बाजाराच्या दोन पिशव्या मावतात, मऊ सामान असेल तर तीन. कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं डाव्या सीटवर यायचं. पट्टा लावला नाही तर मी पीं-पीं करते, म्हणून तो पोत्याला पट्टा लावायचा. छप्पर उघडून एकदा त्याने लाकडी शिडी उभी आणली. भर पावसाळी गाव ते, पण माझं छप्पर कधी गळलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ‘दिसायला बरी, कामाला शून्य’ हे मी फार ऐकलंय.

इडवल टाकी दर वेळी काठोकाठ भरायचा, झालेले मैल बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा. टँकरवरची सवय. पहिल्या वर्षी आकडा छत्तीस. मोकळी सोडत होता ना.

मग गावच्या हॉलमध्ये चिठ्ठी लागली. पेशंटला इस्पितळात नेण्या-आणण्यासाठी गाडीवाले हवेत, सेवा म्हणून. इडवलने माझ्यात बसूनच फोन लावला.

“गाडीला दारं किती?” पलीकडच्या बाईंनी विचारलं.

“दोन.”

“आणि सीटा?”

“दोनच. त्यातली एक मला लागते.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. पण मंगळवार, गुरुवार, शनिवार रिकामा असलेला दुसरा कुणी मिळत नव्हता. तशी एलिनेड पॅरी माझ्या आयुष्यात आली.

एलिनेड अठ्ठ्याहत्तर वर्षांची. निम्म्या खोऱ्याच्या लग्नाचे कपडे तिने शिवलेले. आता दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. इस्पितळ एकतीस मैलांवर, मध्ये घाट. इस्पितळाची व्हॅन सहा पेशंट गोळा करत फिरायची आणि चार तासांच्या उपचाराला तिचे दहा तास जायचे. ती कंटाळली होती. बंदच करावं म्हणत होती.

पहिल्या दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरपासून खालपर्यंत म्हणजे फारसं काही नाहीच. “ही गाडी आहे की खड्डा?” तिने विचारलं.

इडवलने छप्पर उघडलं, म्हणजे डोकं आपटायला नको. सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरली, तिच्यावरून अंग सहज वळतं. ती बसली. संध्याकाळी परत तिच्या फाटकाशी आलो. इडवल दार उघडून हात पुढे करणार, तेवढ्यात ती म्हणाली,

“हात नको. इस्पितळात सगळे मला उचलतात, वळवतात, टोचतात. ते तिथे. माझ्या फाटकापाशी मी माझी उठणार. आणि नीट ऐक, इडवल. ज्या दिवशी मला इथे स्वतःहून उठता येणार नाही, त्या दिवशी हे डायलिसिस बंद. मी नर्सलाही सांगून ठेवलंय.”

“बरं, मिसेस पॅरी,” इडवल म्हणाला आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले.

तिने मोजलं. एक, दोन, तीन. तीनला उठली.

त्या दिवसापासून माझी सीट ही नुसती सीट राहिली नाही. जमिनीपासून चौदा इंचांवर आहे ती. रस्त्याला चिकटून पळावं म्हणून मला असं घडवलंय, आणि त्या चौदा इंचांवर एका बाईचा जीव टांगलेला. मला माझ्या बांध्याची पहिल्यांदा लाज वाटली.

परतीच्या वाटेवर तिच्या हाताला पट्टी असायची, तोंड पांढरं पडलेलं. वळणावर तिला मळमळायचं. इडवलने टँकरवाला हात परत आणला. लांबूनच वेग कमी करायचा, ब्रेकला नुसता पाय लावायचा, चढावर इंजिनाला दमवायचं नाही. वळणावर मोकळं सोडणं वगैरे त्याने कायमचं गुंडाळून ठेवलं. वहीतला आकडा चाळीसच्या वर गेला, मग त्रेचाळीस, मग सत्तेचाळीस.

हेविनने वही पाहिली. “सत्तेचाळीस? हिला? इडवल, ढकलत नेतोस का रे?”

“घाट उतरायला सोपा पडतो,” इडवल म्हणाला.

“आणि चढायला कोण येतं, तुझी आजी?”

इडवलने वही खिशात घातली.

पहिलं वर्ष एलिनेड तीनला उठत होती. दुसऱ्या वर्षी ऑगस्टात पाचला. ऑक्टोबरात नऊला. इडवल दार धरून उभा असायचा. खिशात त्याच्या मुठी वळलेल्या मला दिसायच्या.

एका रविवारी ती चॅपेलला, म्हणजे गावच्या छोट्या चर्चला, गेली असताना इडवल तिच्या फाटकाशी आला. तो कधी चॅपेलला जायचा नाही, ती त्याला त्यावरून नेहमी बोलायची. माझ्या डिकीतून त्याने फरश्या काढल्या, स्वतःच्या बागेतल्या वाटेवरून उखडलेल्या. दोन खेपा केल्या आम्ही. माझी चाकं जिथे उभी राहतात तिथे दोन सरळ रांगा, मागून चढायला खडी. पलीकडून चॅपेलमधलं गाणं येत होतं. गाणं संपायच्या आत तो सामान आवरून निघाला.

मी दोन इंच उंच झाले होते.

मंगळवारी एलिनेडने विचारलं, “हे काय नवीन?”

“चिखल होतो इथे, मिसेस पॅरी. टायर रुततात.”

“बरं,” ती म्हणाली. संध्याकाळी चारपर्यंत मोजून उठली.

नोव्हेंबरात दुसरा थर पडला. नाताळानंतर तिसरा. “यंदा चिखल फारच उंच आलाय,” ती म्हणाली. इडवल काचा पुसत राहिला. माझी सीट आता जेवणाच्या खुर्चीएवढी झाली होती. लोक गाडी रस्त्याला टेकवायला पैसे मोजतात आणि मी दगडांवर चढून उभी होते. पण खरं सांगते, मला तेव्हा जेवढा मान वाटला तेवढा कधी वाटला नाही.

फेब्रुवारीतला एक गुरुवार. माझ्या डिकीत सहा फरश्या होत्या. इडवलने दुपारी, तिचं डायलिसिस चालू असताना घेऊन ठेवल्या होत्या. त्याने त्या पोत्यात गुंडाळल्या, तरी घाटात प्रत्येक वळणाला वाजत होत्या. एलिनेड डोळे मिटून बसली होती. आम्ही फाटकाशी आलो. छप्पर उघडलं, दार उघडलं, इडवलचे हात खिशात.

तिने मोजायला सुरुवात केली. दहा. पंधरा. तेवीसला थांबली. मी जमेल तेवढी घट्ट उभी राहिले. दुसरं मी काय करणार होते?

“इडवल,” ती म्हणाली, “मागे फरश्या वाजतायत.”

त्याने मागे डिकीकडे पाहिलं.

“चौथा थर घालू नकोस.”

“मिसेस पॅरी, ते नुसतं चिखलासाठी…”

“गप रे. चाळीस वर्षं लोकांचे घेर मोजलेत मी. अर्धा इंच मला नुसत्या नजरेने कळतो, आणि दोन इंच कळणार नाहीत होय? पहिल्याच दिवशी कळलं. तू घातलेस म्हणून हा हिवाळा बघितला मी. छान होता. आता पुरे.”

बारीक पाऊस पडत होता आणि माझं छप्पर उघडंच होतं. ती दोघं भिजत होती, माझ्या सीटाही. कुणालाच घाई नव्हती.

मग ती म्हणाली, “आता हात दे.”

इडवलने खिशातून हात काढला.

ती शनिवारी इस्पितळात गेली नाही. नर्स घरी येऊन तीनदा विचारून गेली, तिने तीनदा तेच सांगितलं. इडवल रोज यायचा, मला त्या थरांवर उभी करून आत जाऊन बसायचा. बाराव्या दिवशी तो बाहेर आला, माझ्यात बसला आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

याला सहा वर्षं झाली. वहीतला आकडा खाली आलेला नाही. डावी सीट रिकामी असते, तरी तो तसाच चालवतो. हेविन आता विचारत नाही.

पण इडवल चौऱ्याहत्तरचा झालाय. गुडघे गेले. एलिनेडच्या भाचीला विचारून त्याने त्या फरश्या ढकलगाडीतून स्वतःच्या फाटकाशी आणल्या. दोन थर कसेबसे घातले. तिसऱ्याच्या फरश्या घरामागे भिंतीला टेकवून ठेवल्यात, त्याच्याने आता उचलवत नाहीत. तो कुणाला सांगत नाही. माझ्यातून उठताना तोंडातल्या तोंडात मोजतो. काल अकराला उठला.

म्हणून बोलतेय. मला धुऊ नका, पॉलिश करू नका, माझी स्तुतीही नको. तुमच्यापैकी कुणाच्या अंगात बळ असेल तर एका रविवारी सकाळी या. दहा ते अकरा तो घरी नसतो, चॅपेलला जातो, तिच्या बाकावर बसायला. फरश्या मागे आहेत. दोन सरळ रांगा, मागून थोडी खडी. आणि त्याने विचारलंच, तर यंदा चिखल फार झालाय म्हणा.