तोंगदीची राहिलेली पायरी

तोंगदीने आयुष्यात कधी गांजा ओढला नव्हता, आणि तालुक्याच्या लेखी हीच त्याची मोठी खोट निघाली.

मेकाँग नदीकाठच्या त्याच्या गावात तालुक्याचे थनाकोनसाहेब अमली पदार्थविरोधी मेळावा भरवायला आले, ते टेम्पोत एक लाकडी जिना घालूनच. तीन रुंद पायऱ्या. खालच्या पायरीवर सिगारेटचं चित्र, मधल्या पायरीवर गांजाचं पान, वरच्या पायरीवर याबा नावाच्या नशेच्या लालभडक गोळ्या. सुधारलेल्या एखाद्या माणसाने आपली कहाणी सांगत एकेक पायरी चढायची, म्हणजे लहान नशा मोठ्या नशेकडे कशी नेते ते लोकांना डोळ्यांनी दिसेल. गावात तसा माणूस एकच. तोंगदी उसाच्या ट्रकवर होता. कित्येक वर्षं त्याने गोळ्या खाऊन गाडी हाकली होती, आणि शेवटी विहारातल्या भिक्खूंनी त्याला माणसात आणलं होतं. आता तो केळी भाजून विकायचा. सरपंच लम्फाईताईंनी त्याला बोलावून घेतलं.

"गांजा कधी सुरू केलास?" साहेबांनी विचारलं.

"नाही केला, साहेब."

"असं कसं? मग गोळीपर्यंत पोचलास कसा?"

"ट्रकने," तोंगदी म्हणाला.

लम्फाईताईंनी पदर नव्हता म्हणून हातानेच तोंड झाकलं. पण तोंगदी चेष्टा करत नव्हता. ट्रकने त्याच्या पाठीचा पार भुगा केला होता. शेजारचे प्रायूनकाका म्हणाले, गांजाचे दोन झुरके मार, पाठ मोकळी होईल. तेव्हा गांजाला बंदी होती, म्हणून तो चोरून विकणाऱ्याकडे गेला. तर तो माणूस हसायलाच लागला. "गांजा कोण ठेवतो आता? वास सुटतो, पोतंभर जागा अडते, नाक्यावरचं कुत्रं पहिलं त्यालाच पकडतं. ही घे. खिशात मावते, वास ना बीस." अशी ती पहिली गोळी.

"म्हणजे त्या दिवशी याला गांजा मिळाला असता तर..." लम्फाईताई बोलायला लागल्या.

"ते आपल्या विषयात बसत नाही," साहेब म्हणाले.

मग प्रायूनकाकांना आणलं. काका तरुणपणापासून ओढत आले होते. बंदी होती तेव्हा ओढत होते, बंदी उठली तेव्हाही, आणि आता पुन्हा नियम आले तरी ओढतच होते.

"काका, गांजानंतर पुढे काय घेतलंत?"

"डुलकी."

"आणि त्याच्यापुढे?"

"जेवण. चिकट भात असेल तर दोनदा."

साहेब डोक्याला हात लावून बसले. एकाला मधली पायरी नाही, दुसऱ्याला वरची नाही. लम्फाईताई वैतागून म्हणाल्या, "मग तोंगदीची राहिलेली पायरी आता भरून घ्या की!"

त्यांनी टोमणा मारला होता. साहेबांचा चेहरा मात्र उजळला.

आता गांजा चिठ्ठीशिवाय मिळत नव्हता, तेव्हा वरात आरोग्य केंद्रात वैद्यबाईंकडे गेली.

"तक्रार काय?" बाईंनी विचारलं.

"याने कधी गांजा ओढलेला नाही," साहेब म्हणाले.

बाईंनी तोंगदीकडे कीव केल्यासारखं पाहिलं, त्याची पाठ दाबली, तो कळवळला, आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

बाहेर आल्यावर तोंगदी दारातच थांबला. "साहेब, गांजा ओढला की माणूस गोळीकडे जातो असं तुम्हीच सांगता. मी कसाबसा सुटलोय. परत गेलो तर? आईने मला घरात घेतलंय हो आत्ता कुठे."

साहेबांनी खरोखर विचार केला. "तुझं जाणं आधीच होऊन गेलंय," ते म्हणाले. "हे फक्त मागचं पूर्ण करायचंय."

चिंचेखाली प्रायूनकाकांनी त्याला शिकवलं. तोंगदी खोकून खोकून लाल झाला आणि मग रस्त्याकडे तोंड करून बसला. गोळीची हाव आता येईल, मग येईल, म्हणून तो मुठी आवळून वाट बघत होता. ती आली नाही. भूक आली.

दुपारी मांडवात गाव जमलं. तोंगदी पहिली पायरी चढला. "ही पंधराव्या वर्षी." दुसरी चढला. "ही आज सकाळी." लोक खिदळले. मग तिसरी चढला. "गोळी खाऊन मी आईवर कोयता घेऊन धावलो," तो म्हणाला. "मला ती दरोडेखोर दिसत होती. ती विहारात जाऊन झोपायची." पुढच्या रांगेत त्याची आई हातातल्या पंख्याकडे बघत बसली होती.

मग त्याने डोळे पुसले. "पण मी असा पायरीपायरीने नाही आलो. खोटं कशाला बोलू? असा आलो." तो पहिल्या पायरीवर उतरला आणि तिथून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारायला गेला. पाय घसरला आणि तो धप्पकन मधल्या पायरीवर बसला. तिथे त्याच्या पाठीला असा काही आराम वाटला, की तो उठेचना.

"बस तिथेच, लेका," प्रायूनकाका ओरडले. "जागा झकास आहे!"

"वर चढ!" साहेब कानाशी कुजबुजले.

"साहेब," तोंगदी काकुळतीने म्हणाला, "वर जायचं नसतं, हेच तर सांगायला आलोय ना आपण?"

मांडव हसून लोळला. त्याची आईसुद्धा हसली. एका माणसाला तिसऱ्या पायरीवर जाण्यापासून प्रत्यक्ष रोखण्यात आलं, असं तालुक्याला कळवून साहेब जिन्यासह निघून गेले.

पुढे चिठ्ठीवर मिळणारा केंद्रातला गांजा यायचा बंद झाला. का, ते वैद्यबाईंनाही कुणी सांगितलं नाही. तोंगदीची पाठ पुन्हा ठणकायला लागली, आणि एका सकाळी मोटरसायकलवरचा एक पोरगेलासा माणूस केळ्यांपाशी थांबला. "गांजा नाही दादा माझ्याकडे. पण पाठीसाठी दुसरं आहे, खिशात मावेल असं." मेळाव्याच्या दिवशी जिची वाट बघितली होती ती हाव नेमकी तेव्हा उसळली. तोंगदीला दरदरून घाम फुटला.  त्याने निखाऱ्यांसकट शेगडी उचलली आणि चटके सोसत, रस्ता सोडून थेट प्रायूनकाकांच्या अंगणात नेऊन ठेवली.

"इथे कोण येणार केळी घ्यायला?" काकांनी विचारलं.

"तुम्ही आहात ना," तोंगदी म्हणाला, आणि फुंकर घालून निखारे पेटते ठेवायला लागला.