मुहूर्ताच्या आधी

येळवशीच्या दिवशी लातुरात चिटपाखरू दिसत नाही. त्या अमावस्येला सगळं गाव आपापल्या शेतात जेवायला जातं. आम्ही हदगावचे, आमच्या घरी हा सण नाही. त्यामुळे भाड्याच्या खोलीत मी, लॅपटॉप आणि माझी चूक एवढंच शिल्लक होतं.

चूक अशी. गंजगोलाईतले मसालेवाले गुरुपादप्पा हे माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. मी बनवलेल्या त्यांच्या वेबसाइटचं उद्घाटन मठातल्या स्वामींनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, येत्या सोमवारी, फीत कापून व्हायचं होतं. वेबसाइटला कसला आलाय मुहूर्त, असं मी मनात म्हटलं. तोंडावर मात्र ‘हो अप्पा’ म्हटलं, कारण कार्यक्रमाला बाजारातले चाळीस व्यापारी येणार होते. वर्षभर मी दुकानांच्या पायऱ्या झिजवत होते. स्वतःच्या लोगोचा हिरवा रंग अकरा वेळा बदलला, रोज इन्स्टाग्रामवर पोस्टी टाकल्या, कार्डं वाटली, पण ‘बघू, सांगतो’च्या पुढे कुणी सरकेना. सोमवारी अप्पा सगळ्यांसमोर माझं नाव घेणार होते. ते हुकलं तर खोली सोडून परत हदगाव, हे घरी ठरलेलं होतं.

आणि काल चाचणी झाल्यावर साइट बंद करायलाच मी विसरले. बघायला म्हणून पुण्याच्या मैत्रिणीला लिंक पाठवली होती, ती तिनं तिकडच्या लातूरकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली.

सकाळी बघते तर सात ऑर्डरी. दहापर्यंत अकरा झाल्या. सणाला गावी येता न आलेली माणसं काळा मसाला मागवत होती आणि प्रत्येकाला आपोआप संदेश जात होता, ‘माल उद्या निघेल.’ एकीनं खाली लिहिलं होतं, ‘लवकर पाठवा. आमी रविवारी गच्चीवर येळवस करायलाव.’

गुपचूप रद्द केल्या असत्या तर अप्पांना कळलंही नसतं. दोनदा बोट बटणापर्यंत नेलं. मग त्या गच्चीवालीची आठवण झाली आणि माझाच मला राग आला. अप्पांचा फोन लागेना. खोलीत येरझारा घालून पाय दुखायला लागले तेव्हा बाहेर पडले आणि अप्पांच्या शेताकडे जाणारी शिरूर अनंतपाळची जीप पकडली.

अप्पांच्या शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीपुढं पंगत बसली होती. मी बोलायला तोंड उघडलं तर अप्पांच्या आईनं, सिद्धम्मा आव्वानं, शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचं ताट हातात दिलं.

“आदी खा. मंग बोल.”

बाजरीच्या उंड्याचा एक घास खाल्ला. मग सगळं सांगून टाकलं.

अप्पांचा हात ताटातच थांबला. “मला न इचारता माजं दुकान उघडलं तुमी?”

“विसरले अप्पा. चूक झाली.”

“आन् उद्या माल कोन भरनार? पोरं समदी सुट्टीवर हायती.”

“मी भरते.”

“येळवशीला बांधावर आलेल्याला कुनी उपाशी धाडत असतंय व्हय रं?” आव्वा म्हणाली. “धाड मसाला.”

अप्पा तांब्याभर पाणी प्यायले. “धाडतो. पन सोमवारचं रद्द. उघडलेलं दुकान परत काय उघडायचं? स्वामींना काय तोंड दाखवू?”

वर्षभराची मेहनत माझ्याच हातानं मातीत गेली होती. मी बॅग उचलली.

“कुटं चाललाव? शेजारच्या कोपीवर बोलावनं हाय,” अप्पा उठत म्हणाले.

या दिवशी एका शेतातून दुसऱ्या शेतात जेवायला जावंच लागतं, हे मला तेव्हा कळलं. अप्पा पुढे, मी मागे. प्रत्येक पंगतीत बाजारातला कुणी ना कुणी बसलेलाच, आणि अप्पा त्याच्यापुढे माझी तक्रार मांडायचे.

“ही लुंबिनी. हदगावची. मुहूर्ताच्या आधी माजं दुकान उघडलं हिनं, मला न इचारता! अकरा ऑर्डरी आल्या, सांगा आता.”

नाव ऐकून एकदोघांनी मला पुन्हा नीट न्याहाळलं. त्याची मला सवय आहे. बाकीचे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिसऱ्या शेतात आंबील पिता पिता फोन बघितला आणि तोंडून निघून गेलं, “चौदा झाल्या अप्पा.”

“चौदा!” अप्पा पंगतीला ओरडून म्हणाले. आवाजात तक्रार कमी आणि तोरा जास्त होता.

चौथ्या शेतात आमच्या आधी गोष्ट पोचली होती. तिथल्या खतवाल्या रेवणसिद्धनं मला बघताच हात जोडले आणि ताट पुढे सरकवलं.

“आमचंबी दुकान उघडा म्याडम,” तो म्हणाला. “फकस्त इचारून.”

पंगत हसली. मी ‘हो’ म्हटलं आणि मान खाली घालून जेवायला लागले, कारण डोळे भरून आले होते. पोटात मात्र तिळभर जागा नव्हती.